फटफटीचं तेल आणि पुतणीचं स्थळ

आमच्या यजमानांनी फटफटी घेतली तेव्हा अख्ख्या अमरावतीत साइडकारवाली तेवढी एकच असावी. निदान ते तसं सगळ्यांना सांगत. जंगलखात्यातला एक साहेब विलायतेला परत निघाला होता, त्याच्याकडून ती घेतली. देताना साहेबाने इंजिनात कोणतं तेल घालायचं तेही सांगितलं. नागपूरला डबा मिळतो, थंडीत पातळ घ्या, उन्हाळ्यात दाट घ्या, आणि दुसरं काही घालू नका. यजमान पडले वकील; इतकं सरळ बोलणं वकिलाच्या पचनी पडणं शक्यच नव्हतं. ज्या मुद्द्याला दुसरी बाजू नाही, तो त्यांना मुद्दाच वाटत नसे.

"साहेबाले आपल्या वऱ्हाडातल्या उन्हाचं काय समजते?" असं म्हणून त्यांनी तेलाचा प्रश्न कोर्टाच्या बाररूममध्ये नेला. तिथे आयुष्यात बैलबंडीपलीकडे काही न हाकलेले पुष्कळ तज्ज्ञ बसलेले असत. एक खादीधारी वकील म्हणाले, विलायती तेल चालणार नाही. कोणी दाखवून दिलं की गाडीच विलायती आहे. ते म्हणाले, "म्हणूनच तर निदान पोटात तरी देशी जाऊ द्या!" दुसऱ्या एकाने इंग्रजी साप्ताहिकात वाचलं होतं की शर्यतीतले गोरे एरंडेल घालतात. झालं. स्वदेशीही आणि साहेबालाही मान्य, असा दुहेरी मान दुसऱ्या कुठल्या तेलाला मिळणार? औषधांच्या दुकानातून शुद्ध एरंडेल घरी आलं.

त्या दिवसापासून फटफटी निघाली की गल्लीतली पोरं तोंड दाबून घरात पळत. त्या वासाने त्यांना वाटे, जुलाब द्यायला कोणीतरी येत आहे.

माझे भासरे, म्हणजे यजमानांचे थोरले बंधू, अकोल्याला एका जिनात मॅनेजर होते. कापसातली सरकी काढायची यंत्रं ज्या मोठ्या इंजिनावर चालत, त्या इंजिनावर त्यांचा भारी जीव. एरंडेलाची बातमी कळताच त्यांनी जिनातल्या तेलाचा एक डबा ओळखीच्या माणसाबरोबर पाठवला आणि निरोप दिला, "त्याले म्हणा, इंजन आहे ते, बाळंतीण नाही." यजमानांनी तो डबा साइडकारमध्ये टाकला. मी बसले की त्यावर पाय ठेवत असे.

दिवाळीनंतर भासऱ्यांच्या मुलीला पाहायला खामगावचं स्थळ येणार होतं. मुलगी मॅट्रिकच्या वर्गात होती. वकील काका फटफटीवरून आला तर पाहुण्यांवर वजन पडेल, असं दोघा भावांचं मत होतं. अलीकडे त्यांचं एकमत झालेलं तेवढं एकच. सकाळी आम्ही निघालो. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं, यजमान अधूनमधून हाताने पंप दाबून इंजिनाला तेल पाजत होते आणि मागे पांढरा धूर सोडत होते. बोरगावच्या अलीकडे त्यांनी गाडी थांबवली. एरंडेल संपत आलं होतं. ते इकडेतिकडे पाहू लागले.

"पाय उचल जरा," ते म्हणाले.

"जिनातल्या डब्यातलं घालता का?"

"थोडंसंच. दादाले सांगू नको."

थोडंसं पुरेसं होतं. ही दोन तेलं एकमेकांत मिसळत नाहीत, हे आम्हाला मागाहून कळलं. बोरगाव ओलांडलं आणि इंजिनाने एक किंचाळी फोडली, मग जे गप्प झालं ते गप्पच. कापूस घेऊन अकोल्याच्या बाजारात निघालेला एक गाडीवान थांबला. त्याने बंडीमागे फटफटी दोराने बांधली आणि नाकाला उपरण्याचं टोक लावलं.

"वकीलसाहेब, हिले काहून एरंडेल पाजलं? पोट बिघडलं होतं का?"

यजमान हँडल धरून ताठ बसले होते. मी साइडकारमध्ये पैठणी सावरून. आमची अशी मिरवणूक जठारपेठेत भासऱ्यांच्या दारी पोचली तेव्हा पाहुणे येऊन ओसरीवर बसले होते.

वजन मात्र पडलं. सगळे पुरुष उठून फटफटीभोवती गोळा झाले. भासऱ्यांनी खालचा नट उघडला. आतून पिवळट, दह्यासारखं काहीतरी लोंबलं.

"हे तुझं एरंडेल!" भासरे म्हणाले.

"हे तुमचं जिनातलं तेल!" आमचे वकील म्हणाले, आणि गुपित स्वतःच फोडून बसले.

मुलाचे वडील निवृत्त नायब तहसीलदार होते. साहेबांच्या मोटारीतून दौरे केले असल्यामुळे त्यांना सगळं माहीत होतं. तेल जितकं दाट तितकं उत्तम, असा त्यांनी निकाल दिला. मुलगा म्हणाला, पातळच हवं. बापाने त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुढे दिवसभर बोलला नाही. आत पोहे थंड झाले, जाऊबाईंनी ते पुन्हा परतले, तेही थंड झाले. मुलगी नेसून, फुलं माळून पाटाजवळ बसून राहिली. तिला बोलवायला कोणी आलंच नाही.

बाहेर आवाज चढत गेले. शेवटी भासऱ्यांचा ऐकू आला, "तुमी मोटारीत बसले असान, पण तिच्याखाली कधी गेले का?"

"मुलाच्या बापाशी असं बोलता? आमी हात काळे करणाऱ्यातले नाही!"

"दिसतेच आहे!"

पाहुणे टांग्यात बसून स्टेशनकडे गेले. जाऊबाई चुलीशी बसून रडू लागल्या. एवढं चांगलं घर, म्हणत होत्या. अंगणात दोघे भाऊ, कोणाच्या तेलाने घात केला, याचा कज्जा अजून चालवतच होते.

मी समजूत घालायला मुलीजवळ गेले. तिने कढई पुढे ओढली आणि पोह्यांचा मोठा घास घेतला.

"काकू, मागच्या खेपेले मले चालून दाखव म्हटलं होतं, वाचून दाखव म्हटलं होतं, केस सोडून दाखव म्हटलं होतं. आज फटफटीचंच सारं पाहून घेतलं त्यायनं." आणि ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मग मलाही हसू आवरेना. जाऊबाईंनी आमच्याकडे रागाने पाहिलं, आणि थोड्या वेळाने त्यांनीही एक बशी घेतली.

ती मॅट्रिक झाली, मुलींच्या शाळेत शिकवू लागली, आणि पुढे स्वतः पसंत केलेल्या माणसाशी लग्न केलं. त्या लग्नात दोघे भाऊ मांडवाच्या दोन टोकांना बसले होते. खामगावचं सोन्यासारखं स्थळ कोणाच्या तेलापायी गेलं, ते दोघेही भेटेल त्याला सांगत होते. नवरीला ते स्थळ हवं होतं का, हे तेव्हाही त्यांच्यापैकी कोणी विचारलं नाही.