टिळ्याचं पाणी

ऐंशीच्या दशकात आमच्या घड्याळाच्या दुकानात एक यंत्र आलं. नवऱ्याने ते मुंबईहून आणलं, पण वापरायची मी. दुकान त्याचं असलं तरी बारीक कामाला डोळे माझे. स्टीलचं लहान पातेल्याएवढं भांडं आणि खाली बटण. साबणाच्या पाण्यात घड्याळाची चाकं सोडायची, बटण दाबायचं, की मळ आपोआप सुटून पाण्यात यायचा. माणसाला ऐकू येत नाही असा आवाज पाण्यात सोडतात, त्याने बारीक बुडबुडे फुटतात आणि मळ निघतो, असं सोबतच्या कागदावर लिहिलं होतं. हे काही माझ्या गळी उतरेना. मग एक पाहिलं. बटण दाबलं की पायरीवरचं कुत्रं उठून समोरच्या पानपट्टीखाली जाऊन बसायचं. तेव्हा पटलं.

मग मला चैन पडेना. कानातली कुडी, कुलपाची किल्ली, नवऱ्याची कवळी, दिसेल ते मी त्यात बुडवून पाहिलं.

शेजारच्या गाळ्यात बंदुका दुरुस्त करणारे चाचा बसत. आयुष्यभर बार काढून त्यांचे कान गेले होते. "कुत्र्याला ऐकू येतंय, वैनी. मला तर तुमचं बोलनंबी ऐकू येत न्हाय," म्हणून हसायचे. ते बंदुका साफ करायचे रॉकेल आणि कोंबडीच्या पिसाने. एकदा बंदूक माझ्या यंत्रात घालून बघू या, म्हणून मी त्यांच्या मागे लागले होते.

दसऱ्याच्या तोंडावर शाहूवाडीकडचा एक शेतकरी बंदूक घेऊन आला. भातात डुकरं शिरायची आणि चाप ओढला तरी घोडा पडत नव्हता. चाचांनी चापाजवळची लोखंडी पट्टी सोडवून मला दाखवली. तिच्या आतल्या बाजूच्या स्प्रिंगा तेलाने आणि कुंकवाने लिंपल्या होत्या. त्यांच्या घरी खंडेनवमीला पट्टीवर टिळा लावायचा आणि तो कधी पुसायचा नाही. पुढच्या वर्षीचा त्यावरच. वर्षानुवर्षं कुंकू आत झिरपलं होतं.

"आतलं तेवढं काढायचं," चाचा म्हणाले. "वरच्या टिळ्याला धक्का न्हाय लावायचा. वरचा थर त्येच्या आबानं लावल्याला हाय. उन्हाळ्यात गेला की आबा. पोरानं दहादा बजावलंय."

"मी टिळा पाण्याच्या वरच ठेवते," मी त्यांच्या कानाशी मोठ्याने म्हटलं. त्यांनी माझ्यावर भरवसा टाकला.

पट्टी तारेला बांधून टिळ्याची बाजू वर ठेवून सोडली. बटण दाबलं आणि स्प्रिंगांमधून लाल ढग निघाला. इतकं सुंदर मी त्या यंत्रात काही पाहिलं नव्हतं. दहा मिनिटांत खालची बाजू लख्ख झाली, पाण्याबाहेरच्या कडेला तेवढा मळ राहिला. तिथे थांबायला हवं होतं. पण अर्धा इंच खाली सोडली तर काय होतं, ते मला बघायचंच होतं. सुकून दगड झालेलं कुंकू असं कितीसं सुटणार?

तार खाली घेतली. टिळा एकदा थरथरला आणि पाण्यात गेला. खाली कोरं लोखंड. हात दाखवून अवलक्षण ते हेच.

चाचा रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. "पिसाला कुठं थांबायचं ते कळतंय, वैनी," एवढंच म्हणाले आणि पट्टी गंजू नये म्हणून तेल काढायला गेले. पाणी फेकायचं मात्र माझ्याने झालं नाही.

दुसऱ्या दिवशी शेतकरी आला. बंदूक हातात घेऊन सवयीने त्याचा अंगठा पट्टीवर फिरला आणि थांबला.

"टिळा?"

"चूक माझी हाय, पावणं," चाचा म्हणाले.

"नाही हो, माझी," मी मध्येच बोलले. सगळं सांगितलं, हावरेपणासकट. त्याने बंदूक खाली ठेवली. वाटलं, आता चार शिव्या हासडेल. त्या बऱ्या वाटल्या असत्या.

"पानी टाकलं काय?" त्याने विचारलं.

मी भांडं आणून समोर ठेवलं. वरचं पाणी नितळ झालं होतं, तळाशी लाल गाळ बसला होता. त्याने बाही वर केली, हात बुडवला आणि अंगठ्याने तळ निपटून घेतला.

"आबा अंगठ्यानंच लावायचा," तो म्हणाला आणि त्याच जागी टिळा ओढला.

चाचांनी तेलात पीस बुडवलं. टिळ्याच्या कडेकडेने, त्याला न शिवता, त्यांनी बाकीची पट्टी पुसून काढली.