इरुपगुड्याचे मोजणीदार

रामटेके सर गेल्याचं मला आलापल्लीहून निघालेल्या बसमध्ये कंडक्टरनं सांगितलं. तिकीट फाडता फाडता तो थांबला, मला ओळखलं आणि म्हणाला, "काऊन मॅडम, तुमाले मालूम नाई का? आपले सर गेले न परवा." तोही गडचिरोलीच्या कॉलेजात सरांच्याच हाताखालून गेलेला. इतिहासात दोनदा नापास झाला होता, पण सरांचं नाव घेताना त्याचा आवाज खाली आला. मी "अच्छा" म्हणाले. मरणाची बातमी ऐकून कोणी "अच्छा" म्हणतं का? पण तोंडातून तेच निघालं. पुढे आष्टी येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसले आणि मला सरांचा भयंकर राग येत होता. तब्येत बरी नाही म्हणून एक पोस्टकार्ड टाकायला काय झालं होतं? आता सहा आठवडे झाले. राग पुरता गेलेला नाही, पण लिहायला बसता येईल इतका निवळला आहे.

सर आम्हाला बी.ए.ला अमेरिकेचा इतिहास शिकवायचे. धानाच्या बांध्यांतून उठून कॉलेजात आलेली आम्ही पोरं, आम्हाला धड नागपूर माहीत नव्हतं, अमेरिका कुठली! पण सरांचा तास चुकवायची कोणाची हिंमत नव्हती. ते पुस्तक न बघता फळ्यावर नकाशा काढायचे. पूर्व किनाऱ्याला चिकटलेली तेरा राज्यं, मग डोंगर, मग ओहायो, मग मिसिसिपी. नदीपलीकडचा केवढा तरी मुलूख फ्रान्सकडून विकत घेतला आणि देश एका कागदावर दुप्पट झाला, हे सांगताना आमच्या परीक्षेच्या गाईडाला अगदी भरून यायचं. सरांना मात्र त्या देशाच्या वाढीचं कधी कौतुक वाटलेलं मी पाहिलं नाही. खडू खाली ठेवून ते म्हणायचे, "अजून तिथं नीट पाऊल पडलेलं नाही आणि कागदावर चौकोन पाडून मोकळे झाले, बघा. आधी मोजणीदार जातो साखळी घेऊन. मग नांगर, मग सडक. आणि तरीही तिथं कोणी राहत असेलच, तर त्यांना काढायला शिपाई."

सहामाहीच्या पेपरात मी गाईडातलं उत्तर जसंच्या तसं उतरवलं होतं, की पश्चिमेकडे विपुल निर्जन भूमी उपलब्ध असल्यानं राष्ट्राचा झपाट्यानं विस्तार झाला. सरांनी "निर्जन"भोवती लाल गोल काढला, बाजूला लिहिलं "कोणी पाहिलं?" आणि वीसपैकी दोन गुण दिले. वर्गात पहिली येणारी मी, माझ्या डोक्यात तिडीक गेली. पेपर घेऊन तडक त्यांच्या घरी गेले आणि दारातूनच भांडायला सुरुवात केली. काकू म्हणजे सरांच्या पत्नी बिचाऱ्या पाण्याचा गडवा हातात घेऊन तशाच उभ्या. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बस. हे उत्तर तुझ्याआधी मी लिहिलंय. सरकारी कागदावर."

मग त्यांनी सांगितलं ते असं. सर वडशाकडच्या एका खेड्यातले. धम्मदीक्षेनंतरच्या पहिल्या वर्षांत मॅट्रिक झाले, त्यांच्या वस्तीतले पहिलेच. कॉलेज पुढचं; आधी मोजणीच्या तुकडीत हंगामी नोकरी लागली, तेव्हा त्यांचे वडील घरोघर सांगत फिरले, आता आपल्या पोराची सही सरकारी कागदावर जाते म्हणून. ज्यांच्या बापजाद्यांचा अंगठासुद्धा कोणी नीट उमटवून घेतला नव्हता, त्यांना सहीचं काय वाटत असेल ते आपल्याला कळणार नाही. तुकडी एटापल्लीच्या पुढे रानात गेली. साखळी ओढत ओढत हे इरुपगुड्याला पोचले. डझनभर झोपड्या, आणि माणूस एक नाही. दोन हाका मारल्या, कोणी ओ दिली नाही. कागदावर वस्तीचा रकाना होता. तिथं सरांनी "निरंक" लिहिलं, म्हणजे काही नाही, आणि खाली झोकात सही केली. "नंतर कळलं, माणसं होती," ते म्हणाले. पुढचं बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. मला माझे गुण हवे होते... ते काही त्यांनी वाढवले नाहीत.

मी एम.ए. होऊन अहेरीला शिकवायला लागले. दरम्यान जिल्हा वेगळा झाला, कचेऱ्या नव्या आल्या, जंगलाच्या हद्दी नव्यानं तपासल्या जाऊ लागल्या. एक दिवस सर पिशवी खांद्याला लावून माझ्या दारात उभे. वर्तमानपत्रात अतिक्रमणाच्या नोटिसांची यादी आली होती आणि तीत इरुपगुडा होतं. कचेरीनं जुनी मोजणी काढली होती. तेव्हा तिथं वस्ती निरंक, म्हणजे आज राहतात ते सगळे मागून घुसलेले. गाव उठवायचा हुकूम निघायच्या बेतात होता. "सही माझी आहे," सर म्हणाले. "मीच जाऊन सांगितलं तर खोडता येईल." मी त्यांच्याबरोबर गेले. बस जिथवर जाते तिथवर बसनं, पुढे पायी. सरांना धाप लागत होती, पण थांबू म्हटलं की चिडायचे.

इरुपगुड्यात पुसूभाऊ भेटला, गावातला जाणता माणूस, सरांच्याच वयाचा. माडिया आदिवासी कलेक्टरलाही "तू"च म्हणतो. त्यानं सरांकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "साकळीवाला तूच." सरांनी मान डोलावली. मग पुसूभाऊनं सांगितलं की तेव्हा पँटवाला दिसला की गाव रानात पळायचं, कारण पँटवाला म्हणजे बेगार. ओझी वाहायला नेणार, चार-चार दिवस सोडणार नाही, पोटाला देणार नाही. म्हणून मोजणीवाले येताना दिसताच बायकापोरांसकट सगळे झुडपांत जाऊन बसले होते. "आमी तुले पाहून राह्यलो होतो," तो म्हणाला. "तू माझ्या घरात गेलता. चुलीवर हात धरला. चूल गरम होती." सरांनी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. "तुले मालूम होतं," पुसूभाऊ म्हणाला, रागानं नव्हे, आठवण द्यावी तसं. "पण आमीच चुकलो. पळालो नसतो त तुनं लिवलं असतं."

मी सरांकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी मला हे सांगितलं नव्हतं. परतीच्या वाटेवर एका ओढ्याशी बसल्यावर ते म्हणाले, "तुकडीच्या साहेबानं सांगून ठेवलं होतं, माणूस डोळ्यांसमोर नसेल तर निरंक. थांबलो असतो तर दिवस वाया गेला असता, शेरा पडला असता. मला नोकरी टिकवायची होती, बाई. आमची वस्ती गावाबाहेर, आम्हाला गावात कधी कोणी धरलं नाही. आणि मी काय केलं..." त्यांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा आणि शेवटचं पाहिलं. मला त्यांची दया आली आणि किळसही आली. दोन्ही खरं आहे, म्हणून लिहिते.

सुनावणीला पुसूभाऊ आणि गावातली दहाबारा माणसं आली, सर आले, मी होते. सरांनी सगळं सांगितलं, चुलीसकट. सुनावणी घेणारे साहेब सभ्य होते. त्यांनी विचारलं, "म्हणजे वस्ती आहे हे कळत असूनही तुम्ही निरंक लिहिलंत?"

"हो."

"म्हणजे खोटं लिहिलंत."

"हो."

"मग जो माणूस सहीनिशी खोटं लिहितो, त्याचं आज तोंडी म्हणणं मी खरं कशावरून धरू, सर?"

 याचं उत्तर मला आजही सुचत नाही. चूल त्यांनी सांगितली नसती तर त्यांचं बोलणं साधी चूक म्हणून धकलं असतं, असं मागाहून गावातर्फे उभे राहिलेले वकील म्हणाले. पण सरांना या वेळी पुरं खरं सांगायचं होतं. ते खरं गावाला महागात पडलं. धान निघाल्यावर इरुपगुडा उठलं. सडकेच्या कडेला त्यांना पत्र्याची घरं मिळाली.

त्यानंतर सर खचत गेले. शिकवणं सोडलं नाही, पण नकाशा काढताना तेरा राज्यांच्या आधी ते नद्यांकाठी तिथल्या मूळ माणसांची नावं लिहायचे, शॉनी, चेरोकी, चॉक्टॉ, फळा भरेपर्यंत. तास त्यातच संपायचा. पोरं कुरकुर करायची. मीही एकदा चेष्टेनं म्हटलं होतं, "सर, हे पेपरात येत नाही." ते म्हणाले, "म्हणूनच इथं लिहितो." शेवटच्या वर्षात मी त्यांच्याकडे फारशी गेले नाही. कॉलेज, परीक्षा, सबबींना काय तोटा! खरं हे आहे की त्या ओढ्यानंतर मला त्यांच्यासमोर बसणं जड जायचं. ते त्यांना कळलं होतं, असं काकू आता म्हणतात. पोस्टकार्ड का आलं नाही ते मला मग समजलं.

शोकसभा झाली, कॉलेजात चांगली भाषणं झाली. इरुपगुड्याचं नाव कोणी घेतलं नाही, मीसुद्धा. मागच्या आठवड्यात अहेरीच्या बाजारात पुसूभाऊ भेटला. मी सांगायच्या आत म्हणाला, "मालूम हाय. दगड लावला." माडियांत माणूस गेला की त्याच्या नावाचा दगड उभा करतात, आपल्या गोताच्या दगडांच्या रांगेत. परक्याचा कधीच करत नाहीत. पण सडकेवरच्या घरांतून चार माणसं जुन्या जागी चालत गेली. तिथं आता घर एक नाही, सागाची रोपं लावलीत, दगडांची रांग तेवढी उरलीय. तिच्या शेवटी त्यांनी सरांचा दगड उभा केला.

"त्याचा काऊन, पुसूभाऊ?" मी विचारलं. "त्याच्याच पायी तर..."

पुसूभाऊ म्हणाला, "आमाले तर काहाडलं, बाई. आता तिथी कोनीच नाई. उद्या पुन्ना कोनी मोजाले आला, त एक तरी मानूस पायजे ना तिथी. तो पळनार नाई."

भर बाजारात मला रडू फुटलं. पुसूभाऊनं मिठाची पुडी कमरेला खोचली आणि माझं रडणं थांबेपर्यंत तो तिथंच उभा राहिला.