भाचीची मोटार अन् मामाचं बोट

राजेहो, चहा घ्या, पण कप जरा जपून धरा. मागच्या वेळेस हा किस्सा सांगतला तवा माह्या साडभावाच्या नाकातून चहा बाहेर आला, आन अंगात शर्ट होता लग्नातला, पांढरा! फजिती झाली माही आन डाग पडले त्याले. तेव्हापासून मी पहिलेच सांगून ठेवतो.

डोणगावात आपलं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. आजूबाजूच्या शिवारातली एक विहीर दाखवा, जिची मोटार माह्या टेबलावर उघडी पडली नसंल! शेतकरी मोटार गाडीतून उतरवत असते, तवाच मी सांगून देतो, "भाऊ, बेअरिंग गेलं." कसं समजते? दोन गोष्टीनं. शाफ्ट, म्हणजे मधला फिरता दांडा, बोटानं फिरवायचा. गुळगुळीत फिरला तं ठीक, कटकट करत अडकला तं बेअरिंग गेलं. आन दुसरं म्हणजे चालू मोटारीवर हात ठेवायचा. हात टिकला तं मोटार तंदुरुस्त, नाई टिकला तं आजारी. मीटर-बीटर आपल्याले लागत नाई. हे उजव्या हाताचं बोट आहे ना, हेच मीटर!

आन ह्याच बोटानं माही इज्जत भर ग्राउंडात घालवली.

माही भाची आहे, प्रज्ञा. उंद्रीच्या ताईची पोरगी, आपल्याच जिल्ह्यात इंजिनिअरिंग शिकते. सुट्ट्यात माह्याकडं राहाले आली ती खोकंभर सामान घेऊन. म्हणे, "मामा, तुमचा टेबल पाह्यजे. गाडी बनवायची आहे." गाडी म्हणजे रिमोटवर पळणारी. खेळण्यातली समजू नका बरं! हातभर लांब, आन पळते अशी की कुत्रं मागं लागलं तं कुत्र्याची लाज जाईन.

त्यांच्या कॉलेजात ह्या गाड्यायची रेस होती. जिंकणारा पुण्याले राज्याच्या रेसले जाणार. आधी प्रज्ञा पोरायच्या टीममधे होती. तिथं अनिकेत नावाचा एक सीनिअर होता. त्यानं तिले म्हटलं, "तू गाडीला रंग दे, स्टिकर लाव. मोटारीचं आम्ही बघतो." बस! पोरगी टीममधून उठून आली. म्हणे, माही गाडी मीच बनवीन आन मीच पळवीन. मले तं ऐकूनच छाती फुगल्यासारखं झालं. आपल्याच घरचं रक्त ना!

तिनं मोटार काढून दाखवली. आंगठ्याएवढी! मी पोट धरून हसलो.

"ही मोटार? बाई, हिनं तं चिमणीलेबी पाणी पाजल्या जाणार नाई."

"मामा, आत पाहा आधी."

भिंग लावून पाह्यलं आन हसू जागच्या जागी थांबलं. काय वायंडिंग होतं हो ते! तांब्याची तार तारेले अशी चिकटून बसलेली की मधात केस जाणार नाई. मी सारी जिंदगी तारा गुंडाळल्या, पण असं काम माह्या हातून झालं नाई. खरं ते खरं.

"ह्यात कार्बन कुठं आहे?" मी विचारलं.

"कार्बन नाईच. मिक्सरमधे फिरत्या भागाले वीज द्याले कार्बन घासते, ठिणग्या उडतात, तिथंच ताकद वाया जाते. ह्यात घासणंच नाई. तांबं बाहेरच्या डब्याले चिकटून उभं राहते, मधात चुंबक फिरते. तांबं तापलं की गरमी डब्यातून सरळ बाहेर."

"म्हणजे खाते कमी, पळते जास्त."

"हाव! आन जेवढं वाया जाते तेवढीच गरमी होते. म्हणून गरमीवर नजर ठेवायची." मंग तिनं दोन दातेरी चाकं दाखवली, एक मोठं, एक बारकं. "मोटारीवर मोठं बसवलं तं गाडी जोरात पळते, पण मोटारीले ओढ पडते, तापते. लय तापली तं चुंबकाचा जोर जाते, तो काही परत येत नाई. म्हणून मी बारकं लावलं."

"भरली ट्रॉली चढावर टॉप गिअरमधे नेली तं इंजिन रडते, तसं?"

"मामा, तुम्ही कॉलेजात शिकवाले पाह्यजे होते!"

आता हे तिनं बोलायचं नव्हतं. हे ऐकलं आन माह्या डोक्यात हवा गेली.

त्याच दिवशी तिनं गाडी आंगणात पळवली. थांबल्यावर मी सवयीनं मोटारीवर बोट ठेवलं. आई गं! फोडच आला.

"प्रज्ञा! मोटार जळून राह्यली!"

तिनं गरमी मोजायचं पिस्तुलासारखं यंत्र लावलं, आकडा पाह्यला. "ठीक आहे मामा. ही इतकी तापतेच. तुमच्या बोटाले एका हद्दीच्या वर सगळंच सारखं लागते."

मी मनात म्हटलं, वा! ज्या बोटाले सारा मेहकर तालुका मानते, त्याले ही काल शिकलेली पोरगी खोटं पाडते काय? तुम्हीच सांगा, राग येईन का नाई?

रेसच्या दिवशी मी तिले मोटारसायकलवर घेऊन गेलो. डिक्कीत माही पिशवी होती. पान्हे, पेचकस, ग्रीसचा डबा. मी लग्नाले गेलो तरी पिशवी संगं असते. ग्राउंडवर चुन्यानं ट्रॅक आखलेला, कडेनं जुने टायर, आन ऊन तं विचारूच नका. टेबलावर पापड ठेवला असता तं भाजून निघाला असता. त्या उन्हात माह्या पोरीची निळी गाडी एकेकाले मागं टाकत गेली. फायनलले दोघंच उरले. प्रज्ञा आन तो अनिकेत, लाल गाडीवाला.

फायनलच्या आधी सुट्टी झाली. सगळ्यायनं गाडीच्या वरच्या रंगीत बॉड्या काढून बाजूले ठेवल्या, मोटारीची गरमी निघून जावी म्हणून. प्रज्ञा म्हणे, "मामा, मी चार्जिंगले लावलेली बॅटरी घेऊन येते. गाडीजवळ बसा. नुसतं बसा. हात लावू नका."

"मी काऊन हात लावू वं?"

ती पाठमोरी झाली आन मी बोट लावलं. चटका! मंग माह्या जिवाले काही चैन पडंना. फायनलमधे जळली तं? पोरीनं एवढी जिद्द केली, आन मी मोटारवाला मामा, बाजूले बसून पाहत राहू? आपल्याकडं उन्हाळ्यात मोटारीवर ओलं पोतं टाकतात का नाई? तसाच उठलो, गेटवरच्या रसवंतीवाल्याकडं गेलो.

"भाऊ, बरफ दे."

"कोणाले लागलं?"

"कोणाले नाई. मोटारीले ताप आला."

त्या देवमाणसानं मोठा खडा फोडून देला. मी तो दस्तीत बांधून पळत आलो, तं काय! गाड्यायची टेबलं जागेवर नाईत. पोरायनं ती उचलून लिंबाच्या सावलीत नेली होती. मी तिथं गेलो. काळा सांगाडा, चार चाकं, मधात चंदेरी मोटार. बोट लावलं. चटका! मनात म्हटलं, हीच ती. ओळख पटली.

बरफ ठेवायच्या आधी म्हटलं, शाफ्टबी पाहून घ्या. चाक उचलून बोटानं फिरवला. कट, कट, कट!

आगं माय! हिचं तं बेअरिंगच गेलं! म्हणूनच एवढी तापते! आता मले सगळं साफ दिसू लागलं. कॉलेजच्या पोरायले काय समजते बेअरिंग? धावत डिक्कीतून पिशवी आणली, मोटारीचे पेच काढले, आन विहिरीच्या मोटारीले भरतो ते पिवळं, घट्ट ग्रीस बोटभर आत कोंबलं. कंजूषपणा आपल्याले जमत नाई. पेच कसले, वरून बरफ ठेवला, पाणी दस्तीनं पुसून काढलं. बोट लावून पाह्यलं तं मोटार माठावानी गार. एवढा आनंद झाला मले, काय सांगू!

तेवढ्यात भोंगा वाजला. पोरं धावत आले, गाड्यायवर बॉड्या चढवल्या, ट्रॅकवर नेल्या. मी कुंपणाजवळ प्रज्ञाले गाठलं.

"बेफिकर पळव. काही होत नाई आता."

"मामा, हात तं नाई लावला?"

"छे!"

रेस सुटली. निळी गाडी सुसाट! लाल गाडी जागेवर कण्हून राह्यली, ढकलल्यावानी चालून राह्यली. बाजूले माइकवर सर बोलत होते, रेसचे परीक्षक तेच. माह्यानं राहावलं नाई. मी म्हटलं, "सर, एक मिनिट," आन माइक हातातच घेतला.

"मंडळी! ही निळी गाडी काऊन पळून राह्यली, मालूम आहे? मी तिचा मामा! आता सुट्टीत मी स्वतः ह्या हातानं मोटार खोलली, ग्रीस भरलं, वरून बरफ लावला! डोणगावचं काम आहे हे!"

लोकायनं टाळ्या वाजवल्या. प्रज्ञानं मातर रिमोट हातात धरून माह्याकडं पाह्यलं, आन तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. लाल गाडी धुपून बंद पडली. अनिकेतनं पळत जाऊन बॉडी काढली, मोटार खोलली. आतून पिवळं ग्रीस बदबद बाहेर आलं.

"सर! माझ्या मोटारीत कोणीतरी ग्रीस भरलंय!"

सर माह्याकडं वळले. माइक अजून माह्याच हातात होता.

"मामा," सर म्हणाले, "ते आत्ता काय बोललात, पुन्हा एकदा सांगता का?"

राजेहो, मले वाटलं जमीन फाटंल तं बरं होईन. पोरं ओरडू लागले, "चीटिंग! बाद करा!" मी हात जोडून सांगू लागलो, "मी आपलीच समजून केलं हो! टेबलं हलले!" कोण ऐकते? सर म्हणाले, नियमाप्रमाणे प्रज्ञाची गाडी बाद करावी लागेल. मले रडूच फुटलं. जिच्या जिद्दीचा एवढा अभिमान सांगत हिंडलो, तिचंच वाटोळं म्या केलं.

प्रज्ञा पुढं आली. माह्याकडं पाह्यलंबी नाई.

"सर, मामांनी मुद्दाम नाही केलं, पण अनिकेतचं नुकसान झालं हे खरं आहे. माझ्याकडे अशीच दुसरी मोटार आहे, कोरी. ती मी त्याला देते. रेस परत घ्या. आत्ताच."

"आत्ताच?" सर म्हणाले. "तुझी मोटार तापलेली आहे, त्याची थंड असेल."

"चालेल."

अनिकेत कबूल झाला, सरबी मानले, आन तिनं स्वतः त्याच्या गाडीत आपली कोरी मोटार बसवून देली! वरून त्याले सांगतलं, "अनिकेत, ह्याच्यावर तुझं मोठं चाक नको लावूस. ह्या उन्हात तापेल. माझ्याकडे बारकं आहे, घे."

"मला नको शिकवू," तो म्हणे.

तिनं आपल्या तापल्या मोटारीवर पिस्तूल धरलं, आकडा पाह्यला, मान हलवली आन गाडी ट्रॅकवर ठेवली.

पुन्हा रेस सुटली. लाल गाडी पुढं! नवी, गार मोटार, मोठं चाक. निळी मागं. मी डोळे झाकले, उघडले, पुन्हा झाकले. तिनं घाई केली नाई. वळणावर रिमोटचं बटण सोडून द्यायची, सरळ रस्त्यावर हलक्या बोटानं दाबायची. मोटारीले श्वास घेऊ देत होती पोरगी! शेवटच्या फेरीत लाल गाडी हळू झाली. गाडीतल्या कंट्रोलरनं लय गरमी पाहून आपणहून करंट तोडला, हे मले मागून समजलं. निळी गाडी तिच्या बाजूनं निघून गेली, आन जिंकली!

मी तिथंच फतकल मारून रडलो. लाज नाई वाटत मले सांगाले. माह्या एवढ्या वर्षाच्या धंद्यात असा मोटारीचा जाणकार मी पाह्यला नाई, आन तो माह्याच घरात जेवून राह्यला होता! अनिकेतबी खालमानेनं आला. म्हणे, "ते बारकं चाक दाखव ना जरा." तिनं दाखवलं, समजूनबी सांगतलं.

मोटारसायकलवर घरी निघालो. चिखली गेली, मेहकर आलं, मंग मीच विचारलं, "पण बाई, त्याचं बेअरिंग तं गेलेलंच होतं ना? कटकट करत होतं."

"मामा, आतलं चुंबक लोखंडाले ओढून धरते, म्हणून तसं लागते. कोऱ्या मोटारीतबी कटकट लागतेच."

"म्हणजे बेअरिंग चांगलं होतं?"

"एकदम चांगलं होतं. तुम्ही ग्रीस भरेपर्यंत."

आन ती अशी हसत सुटली की मले गाडी बाजूले घ्यावी लागली. मीबी हसलो. काय करता!

पुण्याले जायच्या आधी ती दुकानात आली. म्हणे, "मामा, तुमचं अक्षर लय चांगलं आहे. आमच्या टेबलावर ठेवाले एक बोर्ड रंगवून द्या ना."

मले किती बरं वाटलं! म्हटलं, चला, पोरीनं माफ केलं. चांगला पत्रा कापला, पांढरा रंग मारला, लाल रंगात ब्रश बुडवला आन विचारलं, "बोल, काय लिहू?"

"लिहा, 'मामा लोकांनी गाडीला हात लावू नये.'"

लिहिलं. शिरोरेघ मारली, किनारबी काढली. तिनं बोर्ड दूर धरून पाह्यला आन म्हणे, "झकास! आता खाली तुमची सही करा, म्हणजे लोकायले पटंल."

केली बाप्पा सहीबी.