मुराळ्याशिवाय

आमच्या पेडगावकडच्या बायका एकट्या कुठं जात नसत. पहाटे तांब्या घेऊन निघायचं तरी जोडीदारीण लागायची. त्यामुळे सोबत या शब्दाला आमच्याकडे बारा महिने काम असे. दवाखान्यात निघालेलीला सोबत, बाळंतिणीच्या उशाशी सोबत, मयत झालेल्या घरी पहिल्या रात्री सोबत. नवरी सासरी निघाली की तिच्या मागं जाते ती पाठराखीण. आणि सासरहून लेकीला माहेरी आणायला जो जातो तो मुराळी. तो भाऊ असावा, भाऊ नसला तर चुलता, तोही नसला तर भावकीतला कुणीही, पण पुरुष. म्हणजे पोरीला नेऊन घालायला बाई चालायची, परत आणायला चालायची नाही. हे कुणी ठरवलं मला ठाऊक नाही. ठरवणाऱ्याला कधी सासरी नांदावं लागलं नव्हतं, एवढं नक्की.

बापानं धर्म बदलला तेव्हा घरातले देव ओढ्यात सोडले. नवस गेले, अंगात येणं गेलं, पंचमी बंद झाली. मुराळी मात्र गेला नाही. पूर्वी पंचमीला निघायचा, तो जयंतीला निघायला लागला, एवढाच फरक पडला.

बहात्तरच्या दुष्काळात मी माहेरी होते, आणि ती कायमची. सासरी मार खाऊन एके दिवशी मी एकटीच एसटीत बसून आले होते. रस्ता तोच, गाडी तीच. भाऊ सोबत असता तर लोक म्हणाले असते, पोर माहेरी आली. एकटी आले म्हणून म्हणाले, निघून आली. नवऱ्याला तेवढं निमित्त पुरलं. त्यानं दुसरी केली.

तेव्हापासून मी गावाची सोबत झाले. कुणाला कुठं जायचं असलं की आमच्या दारात येऊन म्हणायचे, "ती रिकामीच हाय की, तिला घेऊन जा संगं." मला कुणी विचारत नसे, मायला विचारत. मला याचा राग यायचा. वाटायचं, मी काय गावाची घागर आहे, ज्यानं त्यानं उचलून न्यावी? पण कळा देणारी बाई मनगट धरते तेव्हा तो राग टिकत नाही. तेवढ्यापुरती मी कुणाच्या तरी उपयोगाची असायचे, आणि खरं सांगायचं तर मला ते हवंही असायचं.

धाकट्या बहिणीची पाठराखीण मीच होते. देवगाव फाट्यावरून आत चालत गेलं की तिचं सासर. तिला तिथं सोडून निघाले तेव्हा ती सासूच्या मागं उभी राहून माझ्याकडे बघत होती, आणि मी माझ्या लग्नात रडले नव्हते तेवढी वाटेत रडले. दुष्काळाच्या उन्हाळ्यात निरोप आला की तिला आठवा लागलाय, न्यायला या. पहिलं बाळंतपण माहेरचं, ही आमच्याकडची रीत. पण बाप वारला होता, आणि भावकीतल्या सगळ्यांसारखा दादाही रस्त्याच्या कामावर खडी फोडत होता. कामावरून माणूस हलला की त्याची जागा दुसरा धरायचा, आणि घर त्याच्याच हातावर चाललं होतं. माय म्हणाली, "दुष्काळात रिवाज कोण बघायलंय? तूच जा अन् घेऊन ये तिला."

मी सेलूपर्यंत रेल्वेनं गेले, तिथून फाटा, आणि फाट्यावरून उन्हात चालत. बहीण दारात आली तेव्हा मी तिला आधी ओळखलंच नाही. तोंड सुजलेलं, पाय खांबासारखे झालेले, बांगड्या मनगटात रुतलेल्या. मला बाजूला घेऊन म्हणाली, "आक्का, डोकं लय दुखतंय गं. डोळ्यापुढं काजवे दिसायलेत."

असं अंग सुजलेली एक बाई मी आधी पाहिली होती. तिला परभणीच्या दवाखान्यात नेताना सोबत मीच होते, आणि येताना तिचं लेकरू तेवढं माझ्या हातात होतं.

मी तिच्या सासूला म्हटलं, "मावशी, हिला आजच्या आज नेते. परभणीला दाखवते अन् मग घरी."

ती भाकरी थापत होती. थापतच म्हणाली, "मुराळी कुठं हाय?"

"दादा कामावर हाय. मी आलेय की."

"बाईच्या हाती बाई धाडत न्हाईत. उद्या वाटंत काही झालं तर जिम्मेदारी कुणाची? अन् तू तर निघून आलेली. पहिलटकरीण तुझ्यासंगं धाडली तर लोक काय म्हणतील आमाला?"

मी खूप बोलले. सुजलेले पाय दाखवले, त्या बाईची गोष्ट सांगितली, शेवटी हातही जोडले. बहिणीचा नवरा दारात बसून खाली बघत होता. सासरा एवढंच म्हणाला की भावाला पाठवा, आमची ना नाही. ती माणसं वाईट होती असं मी म्हणणार नाही. त्यांनी सुनेला कधी उपाशी ठेवलं नाही की अंगावर हात टाकला नाही. पण रीत मोडायची म्हटली की त्यांचे पाय लटपटायचे, आणि त्या दिवशी मला ती मारकुट्या माणसांपेक्षा वाईट वाटली.

बहीण मला घालवायला शिवेपर्यंत आली. धापा टाकत होती. मी म्हटलं, "चल, अशीच चल. फाट्यावर गाडी मिळती. मागचं मागं बघू."

ती मान हलवत म्हणाली, "न्हाई आक्का. तुझ्यावानी व्हईल माझं. दादाला धाड, लवकर धाड."

तिनं मला दुखवायला ते म्हटलं नव्हतं. पण मला ते लागलं, अजूनही लागतं.

घरी येऊन मी मायला आणि दादाला वाट्टेल तसं बोलले. दादा म्हणाला, काम गेलं तर जाऊ दे, मी उद्याच निघतो. तर माय मध्ये पडली. मुराळी कधी रिकाम्या हातानं जातो का? लेकीला लुगडं नको का? मी ओरडले, "लुगडं ऱ्हाऊ दे, तिला आण!" पण दादालाही नुसतं जायची लाज वाटली. एक अख्खा दिवस त्या लुगड्यात गेला.

तो तिथं पोचला तेव्हा अंगणात बायका बसल्या होत्या. त्याला बघून सासूनं, "आला गं तुझा मुराळी," म्हणून हंबरडा फोडला. आदल्या दिवशी सकाळीच बहिणीला झटके यायला लागले होते. पहिलं बाळंतपण माहेरचं, मुराळी आज-उद्या येईलच, त्याला न विचारता कसं न्यायचं, म्हणून ते दुपार टळेपर्यंत त्याची वाट बघत राहिले. मग गाडी जुंपली. सेलू यायच्या आधीच ती गेली, आणि लेकरू तिच्या पोटातच गेलं.

दादानं परत आल्यावर हे सगळं सांगितलं. माय भिंतीला डोकं आपटून रडत होती. लुगडं तसंच घडी घातलेलं त्याच्या काखेत होतं. मी त्याला एकच विचारलं, "गाडीत तिच्याजवळ कोण होतं?"

"दाजी बैल हाकायला व्हते. तिचे सासरे म्होरं चालायलते."

"अन् तिच्याजवळ?"

"सासू घरीच राह्यली. बाई कुणीच न्हवती."

मी अर्ध्या गावाच्या बायकांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. माझी बहीण कडब्यावर एकटी पडून आचके देत गेली, आणि त्या वेळी मी आमच्या दारात बसून रेशनच्या मिलो ज्वारीतले खडे निवडत होते.