निळ्या दोरीची गाठ

आमची बिनखलाशाची होडी महिनाभर समुद्रात एकटी फिरून परत आली, तेव्हा तिच्या कडीला निळ्या नायलॉनच्या दोरीचा तुकडा होता. गुंतलेला नव्हे, बांधलेला. लाटा दोरी गुंतवतात. अशी गाठ मारायला बोटं लागतात.

होडीने मात्र दर तासाला कळवलं होतं, ‘सर्व ठीक.’ एका दुपारी ती जरा रेंगाळली होती, ते आम्ही प्रवाहाच्या नावावर खपवलं होतं.

“नोंदींमध्ये काहीच नाही रे,” माझी सहकारी मुग्धा म्हणाली. “उगाच संशय घेतोस.”

काहीच नाही, म्हणूनच घेतो. ‘सर्व ठीक’ हे शब्द मीच ऑफिसात चहा पिता पिता तिच्या प्रोग्राममध्ये लिहिलेत. मला सुचले तेवढे धोके तिने तपासायचे आणि ते नसले की हे दोन शब्द पाठवायचे. कोणी तिला बांधून ठेवील, उलटसुलट न्याहाळील आणि दोरी कापून सोडून देईल, हे मला सुचलंच नव्हतं.

आत्ता दुसरी होडी समुद्रात आहे. स्क्रीनवर तिचा निरोप आलाय, ‘सर्व ठीक.’ मोकळी आहेस की कोणाच्या दोरीला, हे तिला विचारायची सोय मी ठेवलेली नाही.