तळघरातले ठिपके

कारखान्यात नवं काही आलं की उत्पादन वाढायचं तेव्हा वाढतं, किस्से मात्र लगेच वाढतात. आमच्या सायली गावातल्या सूत कारखान्यात तळघरभर एक जाड काळी केबल टाकली, तेव्हा तेच झालं. या केबलमधून रेडिओ सिग्नल वाटेत सगळीकडे झिरपतो. प्रत्येकाच्या गळ्यात टॅग. कोण कुठे आहे ते वर कंट्रोल रूममध्ये माझ्या स्क्रीनवर ठिपक्यानं दिसतं. धूर झाला तर माणूस लगेच सापडावा, म्हणून हा खटाटोप.

पहिल्याच दिवशी सुरेश पाटील जवळ आला. शिरपूरकडचा, अहिराणी बोलणारा कंत्राटी फिटर. त्याला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे त्या वर्षअखेरीस ठरणार होतं.

"साहेब, ही केबल मनी नोकरी तं नही खाई ना?"

"छे रे! ही फक्त सुरक्षेसाठी," मी छातीठोकपणे सांगितलं.

*

एकदा सात ठिपके एकाच जागी. हलेचनात! मी धावत खाली गेलो. मशीनवर एक हेल्मेट उलटं ठेवलेलं, त्यात सातही टॅग. मंडळी चहाला गेलेली.

मुकादम शांतपणे म्हणाला, "साहब, टॅग तो ड्यूटी पे है ना!"

*

पावसाळ्यात ठिपके भरकटले. फिटर पाण्याच्या टाकीत, हेल्पर भिंतीत! केबल कंपनीचा इंजिनिअर पुण्याहून आला. बराच वेळ लॅपटॉपवर ग्राफ बघत बसला. मग आम्ही खाली उतरलो. केबलवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओले गणवेश वाळत घातलेले.

त्यानं मला हळूच विचारलं, "एक दोरी बांधून दिली तर?"

*

फायर ड्रिल झालं. सगळे मैदानात, पण स्क्रीनवर एक ठिपका तळघरातच. सेफ्टी ऑफिसर पटेलभाई घामाघूम. "कौन रह गया? नाम बोलो, नाम!"

"आपका ही है, पटेलभाई."

जॅकेट खाली खुंटीवर राहिलं होतं, टॅगसकट. तरी पटेलभाई म्हणाले, "फिर भी एक बार देख के आते हैं."

*

आणि मग सुरेश. सेकंड शिफ्टला त्याचा ठिपका रोज संध्याकाळी कॉम्प्रेसरमागच्या कोपऱ्यात जाऊन थांबायचा. आमचे मॅनेजर लेले साहेब यांनी ते माझ्याच स्क्रीनवर पाहिलं.

"झोपतो लेकाचा! चला, रंगेहाथ पकडू. असल्याला कायम करतात होय?"

केबल नोकरी खाणार नाही, असा शब्द मी दिला होता.

खाली गेलो. सुरेश भिंतीला टेकून उभा, डबा शेजारच्या स्टुलावर, एका हातात घास, दुसऱ्या हातात स्पीकरवर ठेवलेला फोन. केबलमुळे तळघरात मोबाइलला रेंज यायला लागली होती, आणि मशीनचा आवाज तेवढ्या कोपऱ्यात कमी होता.

"सुरेश!" साहेब कडाडले. सुरेशच्या हातातला घास तसाच राहिला.

"साहेब, जेवणाचीच सुट्टी आहे... पोर मना आवाज ऐकाबिगर जेवस नही."

फोनमधून चिमुकला आवाज आला, "बाबा, कोण ओरडतंय?"

साहेबांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग फोनजवळ वाकले.

"कोणी नाही, बेटा. मी रेंज तपासायला आलोय. तू जेव!"