वरच्या काकांचा उजवा कान

सिंगापुरातल्या सेम्बावांगमधल्या मराठी माणसांची झोप, तब्येत आणि संसार ही तिन्ही गेली कित्येक वर्षं आमच्या वरच्या काकांच्या उजव्या कानावर चालली आहेत. यात अतिशयोक्ती आहे असं ज्याला वाटत असेल त्याने या बेटावर एसी बंद पडलेल्या फ्लॅटमध्ये, भर दुपारी, दोन पाहुणे आणि एक रांगतं मूल घेऊन फक्त तासभर बसून दाखवावं. तासाने तो आपल्या पायांनी जिना चढून काकांच्या दाराशी जाईल आणि मी म्हणते त्याच्या दुप्पट अतिशयोक्ती स्वतः करील.

वरचे काका म्हणजे आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर राहणारे काका. रक्ताचं नातं काही नाही. मूळचे मिरजेचे. मिरजेची माणसं तंबोऱ्याला कान लावतात, काकांनी तो कंप्रेसरला लावला. तीस वर्षं त्यांनी तुआसच्या बाजूला जहाजदुरुस्तीत काढली. बोटींच्या पोटात मासे आणि मटण ठेवायची जी थंडगार कोठारं असतात, ती बिघडली की काका आत शिरायचे. निवृत्त झाल्यावर दुसरा एखादा माणूस पार्कात फिरला असता, नातवंडांचे फोटो पाठवत बसला असता. काकांनी आमच्या घरांवर मोर्चा वळवला. ते कुणाकडेही गेले तरी आधी माणसांकडे बघत नाहीत. चपला काढता काढता मान वर जाते, भिंतीवरच्या एसीवर नजर स्थिरावते, आणि मग "काय, बरं आहे ना?" असा प्रश्न येतो. तो आम्हाला असतो की त्याला, हे मला आठ वर्षांत कळलेलं नाही. नंतर रिमोट हातात घेतात. त्यावर सोळाचा आकडा दिसला तर त्या घराची धडगत नसते. "सोळा? घरात पापलेट ठेवलंय का?" असं विचारून ते स्वतःच्या हाताने पंचवीस करतात, पंखा लावतात आणि त्यानंतरच पाण्याच्या पेल्याला हात लावतात.

काकांची पद्धत ठरलेली. एसी बिघडला की आधी रिमोटच्या बॅटऱ्या, मग रिमोटवर भलतंच काही दाबलं गेलंय का ते, मग बटणांच्या पेटीतला खटका, मग जाळी, मग पाणी वाहून नेणारी नळी, आणि सगळ्यांच्या शेवटी गॅस. मराठी नवरा नेमका उलट्या टोकाने सुरुवात करतो. आयटीत आयुष्य गेलेला माझा नवरा, स्वयंपाकघरातला बल्बसुद्धा मला बदलायला लावणारा, एसी जरा कोमट झाला की कमरेवर हात ठेवून "गॅस संपलाय" असं जाहीर करतो. काकांना हे वाक्य शिवीसारखं लागतं. "अरे, बंद नळीतला गॅस तो! संपायला तो काय डब्यातला चिवडा आहे? गळत असेल तर गळती शोध. गळत नसेल तर तो जन्मभर तिथेच आहे." एकदा शेजारच्या ब्लॉकमध्ये सर्व्हिसिंगला आलेल्या माणसाने "अंकल, गॅस लो, मस्ट टॉप-अप लाह," असं म्हटल्यावर काकांनी त्याच्या डोळ्यांत बघून "हाऊ कॅन? लास्ट मंथ टॉप-अप, धिस मंथ लो? यू ड्रिंक, इज इट?" असं विचारलं होतं. तो माणूस हसत हसत शिडीवर चढला आणि त्याने आधी जाळी धुतली. एसी सुरू झाला.

आमच्या घरी तर साक्षात अभिषेक झाला होता. फ्लॅट लहान, त्यामुळे देव्हारा हॉलमधल्या एसीच्या बरोबर खाली. वाऱ्याने निरांजन विझतं म्हणून मी एसीच्या तोंडाशी पुठ्ठा चिकटवला होता. महिनाभरात वरून थेंब थेंब पाणी बाळकृष्णाच्या डोक्यावर पडायला लागलं. तेव्हा पुण्याहून आलेल्या माझ्या सासूबाईंनी त्याला शुभशकुन मानून खाली तांब्याचं ताम्हन ठेवलं, आणि त्या ते पाणी तीर्थ म्हणून वाटायच्या बेतात होत्या. काका आले, जाळी उपसली आणि नाकाशी धरून त्यांनी वास घेतला. "हिंग. मोहरी. आणि धूप, तोही स्वस्तातला." फोडणीचा चिकटा आणि धुपाची काजळी यांनी जाळीचं घोंगडं झालं होतं, नळीत त्याचाच गाळ बसला होता, आणि पुठ्ठ्यावर आपटून परत फिरलेली थंड हवा लागून एसीला वाटत होतं की खोली गार झाली, आता आपण थांबावं. "देवाला वारा लागू नये म्हणून तुम्ही यंत्राचं तोंड बांधलंत," काका म्हणाले. "आता देव हलवा, नाहीतर धूप बाल्कनीत लावा. हवेला वाट द्या, बाकी सगळं आपोआप होतं." सासूबाईंनी देव हलवला. त्यांनी आयुष्यात एवढं कुणाचंच ऐकलेलं नाही.

हवेला वाट द्या, हे काकांचं सगळं शास्त्र. टोरांटोत राहणाऱ्या काकूंच्या भाच्याचा फर्नेस एकदा ऐन बर्फात बंद पडला. फर्नेस म्हणजे घर तापवायची भट्टी. ती काकांनी उभ्या जन्मात पाहिलेली नाही, सिंगापुरात ती दिसायची शक्यताही नाही. तरी हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या गर्दीत, घाम पुसत, समोरचा चहा निववत, त्यांनी फोनवरून तिचा कबजा घेतला. "थर्मोस्टॅटच्या बॅटऱ्या बदल. झालं? आता फिल्टर काढ. कसा दिसतो? काळा? मग ती बिचारी गुदमरतेय, जास्त तापून स्वतःच बंद होतेय. नवा घाल, अर्धा तास थांब, आणि फोन तिच्याजवळ धर." मग कानाला फोन घट्ट लावून त्या गजबजाटात त्यांनी डोळे मिटले. "हं. पेटली." भाच्याच्या आधी त्यांना कळलं होतं.

तर असा तो उजवा कान. काकांनी "शूऽऽ" म्हटलं की घरातला कुकरसुद्धा बंद करावा लागे. एसीखाली मान तिरकी करून ते मिनिटभर उभे राहत आणि निकाल देत. हे बेअरिंग. हा स्क्रू. हे नुसतं झाकण नीट बसलं नाही म्हणून. एकदा म्हणाले, "आत पाल आहे. जिवंत आहे." पाल निघाली, आणि जिवंतच निघाली.

आणि हा कान गेला. एकदम नाही, हळूहळू, पण गेली दोन वर्षं तो गेल्यातच जमा होता. बोटींच्या इंजिनघरातली तीस वर्षं त्याने आता वसूल केली होती. बारीक, उंच आवाज आधी गेले, म्हणजे नेमके काकांच्या धंद्याचे. ही गोष्ट सेम्बावांगमधल्या प्रत्येक मराठी घराला माहीत होती, फक्त काकांना नव्हती. निदान आम्ही तरी तसं समजत होतो. डाव्या कानाचं तर बोलायलाच नको. टीव्हीचा आवाज त्यांच्याकडे इतका मोठा असे की बातम्या आम्ही खालच्या मजल्यावर फुकट ऐकत होतो. पण त्यांना सांगणार कोण? ज्या माणसाचा सगळा रुबाब कानात आहे, त्याला तुमचा कान गेला असं सांगायचं म्हणजे त्याला उभाच कापायचा. मग आम्ही सगळे त्या कटात सामील झालो. काका मान तिरकी करून "ऐकलंत?" म्हणाले की आम्ही घाईघाईने सांगायचो, "हो हो, खर्रर असा येतोय, डावीकडून." काका मान डोलवत, "तेच म्हणतोय मी." एवढ्या आधारावर ते बरोबर जागी पेचकस घालत. विद्या शाबूत होती. काकू कोपऱ्यात बसून हे बघायच्या आणि जाताना माझा हात दाबायच्या.

हे किती दिवस चाललं असतं कोण जाणे. पण वन-नॉर्थजवळच्या एका कॉन्डोत बारसं निघालं. बाळाचा बाप माझ्या ऑफिसातला, बुजरा मुलगा. काकांना त्याने सकाळीच बोलावून घेतलं होतं, कारण हॉलमधला एसी ओरडत होता. काका शिडीवर चढले, उतरले, मान तिरकी केली आणि म्हणाले, "आता एकदम गप्प. लोण्यासारखा चालतोय." एसी तेव्हाही ओरडत होता. बाळाच्या बापाने तोंड उघडलं, काकूंनी त्याच्याकडे बघितलं आणि त्याने ते मिटलं. काका प्रसन्न चित्ताने सोफ्यावर बसले.

पाळणा म्हणून झाला. सगळ्या बायका गप्प झाल्या. बाळाची आत्या नागपुरातून आदल्याच दिवशी आलेली. ती पाळण्यावर वाकली, बाळाच्या कानाशी "कुर्रर्र" केलं, आणि वरून एसीने तिच्या दुप्पट आवाजात "कर्रर्र" केलं. बाळ दचकून रडायला लागलं. आत्या सरळ उभी राहिली. तिला आमच्या कटाची काय कल्पना? "अगं बाई! सकाळपासून बोंबलून राह्यला हा एसी! कोणाला दाखवला नाही का जी?"

काकांना तिचं बोलणं ऐकू आलं की नाही, मला सांगता येणार नाही. पण त्यांना आमचे चेहरे दिसले. ते एकेकाकडे बघत गेले. बाळाचा बाप जमिनीकडे बघत होता. माझा नवरा पेढ्यांकडे. मी मान वळवली. काकांनी वर एसीकडे बघितलं आणि मग ते काकूंकडे बघत राहिले. मला वाटलं, संपलं. हा माणूस आता उठेल, घरी जाईल आणि पुन्हा कुणाच्या घरात मान वर करणार नाही.

काकू उठल्या. सगळ्या लोकांच्या देखत त्या त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "अहो, शेंगदाणे भाजताना कढईत खडा राहिला की उलथनं कसं घासतं, तसा आवाज आहे. मधेच थांबतो. मग परत."

काकांनी डोळे मिटले. "थांबतो? किती वेळ?"

"पोळी उलटायला लागतो तेवढा."

"आणि फॅन कमी केला की?"

काकूंनी रिमोट दाबला, ऐकलं. "खडा बारीक झाला."

"मग बेअरिंग नाही. आतला पंखा एका बाजूला सरकलाय. शिडी आणा." पंखा खरंच सरकला होता. दहा मिनिटांत त्यांनी तो जागेवर बसवला, आत्याने पुन्हा "कुर्रर्र" केलं, आणि या वेळी तिला कुणी उत्तर दिलं नाही.

परतताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, आम्ही तिघं शेजारी बसलो होतो, काकू काकांच्या उजव्या बाजूला आणि माझा नवरा दाराशी उभा. बिशानला गाडी बदलल्यावर काका म्हणाले, "आपल्या खोलीतला?"

काकू खिडकीबाहेर बघत राहिल्या.

"तोही ओरडतो?"

"तुमच्या घोरण्यापेक्षा कमी."

"किती दिवस?"

"झालं की वर्ष-दीड वर्ष."

"आणि तू बोलली नाहीस."

"रोज झोपताना तुम्ही म्हणायचात, बघ कसा गप्प चालतोय. मग मी काय सांगू?"

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी नऊलाच काकांनी मला शिडी धरायला वर बोलावलं. त्यांच्या झोपायच्या खोलीत पाऊल टाकलं आणि मी थक्क झाले. तो एसी बारशाच्या घरातल्यापेक्षा वाईट होता, जुन्या मिक्सरमध्ये खोबरं अडकावं तसा. याच्याखाली काकू इतके महिने झोपल्या होत्या, आणि रोज सकाळी हसून खाली येऊन माझ्याकडून कढीपत्ता नेत होत्या. काका शिडीवर चढले. एक स्क्रू आवळला की खाली न बघता विचारायचे, "आता?"

"आहे," काकू मोठ्याने सांगायच्या.

"आता?"

"आहे थोडा."

"आता?"

"गेला," काकू म्हणाल्या. गेला नव्हता. मला स्पष्ट ऐकू येत होता.

काकांनी झाकणावर पंजा टेकवला आणि तसेच थांबले. "खोटं बोलतेस. हाताला लागतोय." मग मान न वळवता म्हणाले, "हे बघ, कान गेलाय, हात आहे. पण तू खरं सांगितलंस तरच दोन्ही मिळून काम होईल. सगळीकडे येशील माझ्याबरोबर?"

"येईन," काकू हळूच म्हणाल्या. काकांना ते ऐकू गेलं नाही, म्हणून त्यांनी पुन्हा मोठ्याने सांगितलं. "येईन म्हटलं!"

आणखी वीस मिनिटं काका त्या यंत्राशी झटले. शेवटी पंजा टेकवला, हं म्हणाले, आणि झाकण लावायला घेतलं. खोलीत पहिल्यांदा शांतता झाली, इतकी की खालच्या रस्त्यावरून जाणारी बस ऐकू आली. "अहो, चहा टाकू का?" काकूंनी विचारलं, नेहमीच्या आवाजात, अगदी सवयीने. काका झाकणाची खीळ बसवत राहिले. एसीच्या गोंगाटात इतके दिवस ते उत्तर देत नव्हते, तेव्हा काकूंना गोंगाटाला दोष देता येत होता. आता खोलीत दुसरा आवाजच नव्हता. त्या पलंगाच्या कडेला बसल्या, पदर तोंडाशी धरला, आणि मग पदराचीही गरज नाही हे लक्षात आल्यासारखा तो सोडून मोकळेपणी रडल्या. काकांची पाठ आमच्याकडे होती. चहा मग मीच टाकला.